व्होल्टचा टंच

चि. भाचीबाईंस,


तुझा मेसेज वाचला. ‘इलेक्ट्रोड पोटेन्शिअलची गणितं सुटतात गं आत्या, पण कळत नाहीत. कुठं वजा करायचं, कुठं चिन्ह उलटं करायचं, कुठं दोननं गुणायचं नाही, सगळं पाठ करून ठेवलंय. बारावी झाली की याचा आपल्याशी संबंध संपला.’ पहिल्या तक्रारीचं मला काही वाटलं नाही. शिकवत होते तेव्हा दर वर्षी नवी तुकडी हेच गाऱ्हाणं घेऊन यायची. राग आला तो शेवटच्या वाक्याचा. हुपरीच्या चांदीवाल्याच्या घरातली पोर म्हणते, याचा आपल्याशी संबंध नाही! अगं, तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीपलीकडं रोज जे चालतं, त्याचाच हिशेब या धड्यात मांडलाय. फोनवर सांगून हे व्हायचं नाही, म्हणून कागद घेतला. कॅल्क्युलेटर घेऊन बस.

सुरुवात तुला तोंडी येणाऱ्या गणितानं करू. ६० टंचाची, म्हणजे शंभरात साठ भाग शुद्ध, दोन किलो चांदी आणि ९० टंचाची एक किलो, दोन्ही एकत्र आटवली तर लगडीचा टंच किती? तू ७५ म्हणणार नाहीस. साठ आणि नव्वदची नुसती सरासरी काढणाऱ्याला हुपरीत कुणी दुकानाच्या पायरीवर उभं करणार नाही. तू आधी फाईन, म्हणजे शुद्ध चांदीचं वजन, काढशील. एकीत १२०० ग्रॅम, दुसरीत ९०० ग्रॅम, मिळून २१००. वजन तीन किलो, म्हणून टंच ७०. शिवाय ६० टंचाचा माल एका किलोचा दोन किलो झाला म्हणून त्याचा टंच १२० झाला, असंही तू कधी म्हणणार नाहीस. वजनाबरोबर फाईन वाढतं. टंच आहे तिथंच राहतो.

व्होल्ट हा टंच आहे. वजनाच्या जागी इलेक्ट्रॉनांची संख्या धर आणि फाईनच्या जागी ऊर्जा. डेल्टा जी बरोबर उणे एन एफ ई, हे तू वहीच्या मागं लाल शाईनं लिहिलेलं सूत्र म्हणजे फाईन बरोबर वजन गुणिले टंच, एवढंच. एफ म्हणजे एक मोल इलेक्ट्रॉनांचा भार, सुमारे ९६,५०० कूलॉम. एक कूलॉम भारामागं एक ज्यूल काम झालं की त्याला एक व्होल्ट म्हणायचं. हा दर आहे, म्हणून समीकरणाला दोननं गुणलं तरी तो हलत नाही. सिल्व्हर आयनाची अर्धअभिक्रिया दुप्पट केलीस तरी तिचा ई-नॉट, म्हणजे प्रमाण पोटेन्शिअल, ०.८० व्होल्टच. ‘गुणायचं नाही’ हा नियम पाठ करायची गरजच नव्हती.

आता परीक्षेत मुलांना हमखास आडवं करणारं लोखंडाचं गणित घे. फेरस आयनापासून लोखंड होताना ई-नॉट उणे ०.४४, आणि फेरिकपासून फेरस होताना अधिक ०.७७. तर फेरिकपासून थेट लोखंड होताना किती? निम्मा वर्ग बेरीज करून ०.३३ लिहितो. दोन टंच एकमेकांत मिळवल्यासारखंच झालं की ते! पहिल्या पायरीत दोन इलेक्ट्रॉन आहेत, दुसरीत एक. दोन गुणिले उणे ०.४४ म्हणजे उणे ०.८८, त्यात ०.७७ मिळवले, उणे ०.११ उरले; एकूण इलेक्ट्रॉन तीन, म्हणून भागिले तीन. उत्तर उणे ०.०४ च्या आसपास. चिन्हसुद्धा उलटं निघालं बघ.

मग तू विचारशील, घटाचं व्होल्टेज काढताना मात्र थेट वजाबाकी कशी चालते? तिथं गुणाकार-भागाकार का नाही? कारण घटात एका बाजूनं जितके इलेक्ट्रॉन सुटतात तितकेच दुसऱ्या बाजूला घेतले जातात. दोन्हीकडं वजन सारखं, आणि सारख्या वजनाच्या मालाची तुलना करायला नुसते टंच ताडून पाहिले तरी पुरतं. अर्धअभिक्रियेत अर्धअभिक्रिया मिळवून तिसरी अर्धअभिक्रिया काढायची असेल तर फाईनमधून जायचं. दोन अर्धे जोडून पुरा घट करायचा असेल तर थेट वजा करायचं.

चिन्ह उलटं करण्याची सवय तर मोडूनच टाक. इलेक्ट्रोड पोटेन्शिअलच्या तक्त्यातले दोन्ही आकडे आहेत तसे, क्षपणाचे, उचलायचे आणि कॅथोडच्या आकड्यातून ॲनोडचा वजा करायचा. जस्त-तांब्याच्या घटात ०.३४ वजा उणे ०.७६, म्हणजे १.१०. संपलं. चिन्ह उलटं करून मिळवायची पद्धत जुन्या अमेरिकन पुस्तकांतून रेंगाळत आली आहे. वेंडेल लॅटिमर यांचा १९३८ चा ग्रंथ एके काळी या विषयातला अखेरचा शब्द मानला जायचा, त्यात ऑक्सिडीकरणाचे आकडे दिलेले, म्हणजे जस्त अधिक ०.७६. पुढं १९५३ मध्ये स्टॉकहोमला आंतरराष्ट्रीय रसायनशास्त्र संघटनेनं ठरवलं की इलेक्ट्रोड पोटेन्शिअल म्हणजे क्षपणाचंच. पण ग्रंथालयातली पुस्तकं ठरावानं बदलत नाहीत. आमच्या वेळी कपाटातल्या एका पुस्तकात जस्त अधिक आणि दुसऱ्यात उणे. एकाच बाकावरच्या दोघींची भांडणं लागायची, आणि दोघीही बरोबर असायच्या.

आता शून्याचं. हायड्रोजनला शून्य का, हा प्रश्न तू विचारला नाहीस, पण विचारायला हवा होतास. एकट्या इलेक्ट्रोडचं पोटेन्शिअल मोजताच येत नाही. मल्टिमीटरच्या दोन वायरी असतात. एक तांब्याच्या पट्टीला लावलीस, दुसरी कुठं लावशील? मोरचुदाच्या पाण्यात बुडवलीस तर त्या वायरीचं टोकच नवा इलेक्ट्रोड होऊन बसतं. म्हणजे हाती येतो तो कायम दोघांमधला फरक. म्हणून सगळ्यांनी मिळून एकाला शून्य ठरवलं: प्लॅटिनमवरून बुडबुडणारा हायड्रोजन आणि एक मोलर तीव्रतेचं आम्ल. उद्या कुणी त्याला शून्याऐवजी एक व्होल्ट म्हणायचं ठरवलं, तर चांदी १.८० होईल, तांबं १.३४ होईल आणि दोघांतला फरक ०.४६ चा ०.४६ च राहील.

हा ०.४६ चा फरक तुमच्या घरात कुठं आहे ते आता सांगते.

जुन्या पद्धतीनं चांदी शुद्ध करताना पाहिलं असशील. तुटकी पैंजणं, मोडीची जोडवी, डाग मारलेले तुकडे चिनी मातीच्या कुंडीत टाकतात आणि वरून नायट्रिक सोडतात. तपकिरी वाफ उठते, खोकल्याची उबळ येते, दादा सगळ्यांना बाहेर हाकलतो. कुंडीतलं पाणी निळं होत जातं, कारण मोडीच्या चांदीत तांबं असतंच. हायड्रोक्लोरिक का नाही वापरत? आम्लातला हायड्रोजन शून्यावर, चांदी ०.८० वर; तो तिचे इलेक्ट्रॉन काढून घेऊच शकत नाही. नायट्रेटचा आकडा ०.९६ आहे. ०.१६ व्होल्टच्या जोरावर ते चांदीला विरघळवतं. सोन्याचा आकडा १.५०, त्याच्यापुढं नायट्रिकचं काही चालत नाही, आणि म्हणूनच कोल्हापूरच्या गुजरीत सोन्यातली चांदी काढायला हेच आम्ल वापरत आले.

मग त्या निळ्या पाण्यात तांब्याची जाड पट्टी सोडतात. पाहताना घाई करू नकोस. आधी पट्टी काळपट होते. मग तिच्यावर करड्या-पांढऱ्या रंगाची लव उगवते, लवेचे झुबके होतात, झुबके आपल्याच वजनानं सुटून तळाला बसतात. पट्टी हलवली की पुन्हा उघडी पडते आणि पुन्हा लव धरते. पाण्याचा निळा गडद होत जातो. तळाची ती भुसभुशीत राख म्हणजे चांदी. ६३.५ ग्रॅम तांबं पाण्यात गेलं की २१६ ग्रॅम चांदी खाली बसते. संपलं की नाही हे बघायला थोडं पाणी वेगळं काढून त्यात मिठाचं पाणी टाकायचं. पांढरं फुटलं तर चांदी अजून शिल्लक आहे.

इथं एक प्रश्न. पट्टी तांब्याचीच का? चांदी आणि जस्तात १.५६ व्होल्टचा फरक, चांदी आणि लोखंडात १.२४ चा. फरक जितका मोठा तितकं काम जोरात, मग लोखंडाची सळई का नाही टाकत, स्वस्त पडेल की! टाकून बघ म्हणजे कळेल. लोखंड चांदीला खाली आणेल आणि तिच्यामागोमाग तांब्यालाही आणेल, कारण तांबंसुद्धा त्याच्यापेक्षा वर आहे. मिळेल काय, तर पुन्हा चांदी-तांब्याची भेसळ, जी मोडायला एवढा धूर काढला तीच. तांब्याची पट्टी मात्र पाण्यातल्या तांब्याला हात लावू शकत नाही. ती फक्त तिच्यापेक्षा वरच्यांनाच खाली आणते. कारागिरानं तक्ता कधी पाहिला नाही, पण निवडली ती नेमकी तक्त्यातली योग्य ओळ.

तक्ता त्याच्यापुढं एक पाऊल टाकतो, तो सांगतो किती. ०.४६ ला इलेक्ट्रॉनांच्या संख्येनं, दोननं, गुण आणि ०.०५९२ नं भाग. आलं साडेपंधरा. म्हणजे समतोल स्थिरांक दहाचा साडेपंधरावा घात, साधारण ३५ वर १४ शून्यं. पाण्यात तांबं एक मोलर झालं असेल तर उरलेली चांदी किती? वर्गमूळ काढून, १०८ नं गुणून बघ. लिटरमागं एका ग्रॅमचा सुमारे साडेपाच लाखावा भाग. दुकानासमोरची माती झाडून नेणाऱ्या झारेकऱ्यालासुद्धा त्या पाण्यात काही सापडायचं नाही.

हा जो ०.०५९२ आपण वापरला तो वाल्टर नेर्न्स्टचा. १८८९ मध्ये, पंचविशीत, त्यानं हे समीकरण मांडलं. नोबेल मिळालं ते १९२० सालचं, तेही दुसऱ्या कामासाठी, उष्णतेच्या रसायनाबद्दल. तक्त्यातले ई-नॉट हे सगळं एक मोलर असताना, २५ अंशांना. खऱ्या कुंडीत कधीच तसं नसतं. नेर्न्स्टचं समीकरण तक्त्यातला आकडा कुंडीपर्यंत आणून देतं. आणि ०.०५९२ हा काही वेदातला आकडा नाही, २.३०३ गुणिले आर गुणिले तापमान, भागिले एफ. एप्रिलात आपल्याकडं ३८ अंश असतात तेव्हा तो ०.०६१७ होतो. तापमान बदललं की ई-नॉटही थोडे हलतात. बोर्डाला हे नको असतं, तुला असावं म्हणून लिहिलं.

कॉलेजच्या प्रयोगशाळेत तुम्हाला घट नुसता दाखवतात म्हणालीस. घरी करू शकशील. लागणारे तिन्ही क्षार कृषी सेवा केंद्रात मिळतात, हे कुठल्या पाठ्यपुस्तकात लिहिलेलं नाही. मोरचूद घे, तासगावचे द्राक्षवाले बोर्डो मिश्रणाला वापरतात ते. शंभर मिलिलिटर पाण्यात २५ ग्रॅम म्हणजे एक मोलर. उसाला घालतात ते झिंक सल्फेट घे, पिशवीवर २१ टक्के छापलेलं. ३३ टक्केवालं आणलंस तर हिशेब चुकेल, त्यात पाण्याचे रेणू कमी असतात. २१ टक्केवालं २९ ग्रॅम, शंभर मिलिलिटरला. गढूळ दिसलं तर गाळून घे. जस्तासाठी साध्या संपलेल्या सेलचं डबडं कापून, घासून घे. अल्कलाइन लिहिलेला सेल नको. तांब्याची पट्टी घरात आहेच. सॉल्ट ब्रिजसाठी चायना ग्रास शिजवून त्यात तेरा-शून्य-पंचेचाळीस विरघळव, म्हणजे पोटॅशियम नायट्रेट, आणि गरम असतानाच वाकड्या नळीत भर. पुस्तकात पोटॅशियम क्लोराइड सांगतात, पण पुढं चांदीचा घट करशील तेव्हा क्लोराइड आडवं येईल. मोरचूद विषारी आहे, वहिनीच्या भांड्यांत हे प्रयोग करायचे नाहीत, हे वेगळं सांगायला नको.

मीटर १.१ च्या जवळपास, बहुतेक थोडं खालीच दाखवेल. आता मोरचुदाचं पाणी शंभरपट पातळ कर. निळा रंग जवळजवळ जातो. व्होल्टेज किती पडेल? वर्गातल्या मुलींना अंदाज विचारला की कुणी अर्धा म्हणायची, कुणी शंभरावा भाग. ०.०५९२ भागिले दोन, गुणिले शंभरचा लॉग म्हणजे दोन. पडतं ०.०६. मीटरवर १.०४. नव्व्याण्णव टक्के माल गेला आणि व्होल्टेज जेमतेम हललं. हा लॉगचा प्रताप. सेल मरेपर्यंत तगून राहतो आणि मग एकदम मान टाकतो, त्याचं कारण हेच. हा घट पुरता शून्यावर यायला तांब्याची तीव्रता कितीवर यायला हवी ते काढ. १.१० भागिले ०.०२९६, म्हणजे सदतीस. दहाचा उणे सदतीसावा घात! लिटरभर पाण्यात तांब्याचा एक आयनसुद्धा नाही. जॉन डॅनियलनं १८३६ मध्ये लंडनला हा घट केला, आणि पुढं तारायंत्रं अशाच घटांवर चालली ती त्याच्या या चिवटपणामुळं.

कधी वेळ काढून कोल्हापूरच्या टाउन हॉल संग्रहालयात जाऊन ये. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीत १९४० च्या दशकात जे खणलं गेलं, त्यात ब्राँझच्या वस्तूंचा साठा मिळाला, त्यातली समुद्रदेव पोसायडनची छोटी मूर्ती तिथं आहे. सातवाहनांच्या काळी रोमन जगाशी कोल्हापूरचा व्यापार होता त्याची खूण. इतिहासवाले व्यापाराबद्दल बोलतील. तू उभी राहून नेर्न्स्ट लाव. मातीतलं पाणी उदासीन, पीएच सात. हायड्रोजन आयन इतके थोडे की त्यांचं पोटेन्शिअल शून्यावरून उणे ०.४१ वर येतं: ०.०५९२ गुणिले सात. ब्राँझमधलं तांबं अधिक ०.३४ वर बसलेलं. नुसतं पाणी त्याचं काही वाकडं करू शकत नाही. हवेतला ऑक्सिजन त्याच पीएचला अधिक ०.८२ वर असतो, तो करू शकतो, पण खोल मातीत तो पोचतो किती? जो पोचला त्यानं वर हिरवट थर चढवला. क्षार, आम्ल यांचा हिशेब अजून वेगळा, तो इथं सोडते. त्याच मातीत पुरलेलं लोखंड उणे ०.४४ वर, त्याला गंजायला फार निमित्त लागत नाही.

गॅल्व्हनाइज्ड बादलीवर ओरखडा पडला तरी लोखंड गंजत नाही आणि कल्हईच्या लोखंडी डब्यावर पडला की भराभर गंजतं, ही गोष्ट तुझ्या पुस्तकात आहे. जस्त लोखंडाच्या खाली, कथिल वर. पुढं मागं तूच लावून घे.

मुलाम्याकडं येऊ. तांब्या-पितळेच्या दागिन्यावर चांदी चढवायची, तर साधं सिल्व्हर नायट्रेट का वापरत नाहीत? वर पाहिलंस तेच कारण. वीज जोडायच्या आधीच तांबं चांदीला ओढून घेतं, आणि ती घाईघाईनं बसलेली चांदी बोटानं पुसली जाते. म्हणून प्लेटिंगवाले सायनाइडचा बाथ करतात. दोन सायनाइड एका सिल्व्हर आयनाला अशी मिठी मारतात की त्या बाथमधल्या चांदीचं पोटेन्शिअल ०.८० वरून उणे ०.३१ वर घसरतं. १.११ व्होल्टची घसरण. भागिले ०.०५९२ म्हणजे १८.७५. म्हणजे बाथ एक मोलर असेल, त्यात लिटरमागं १०८ ग्रॅम चांदी असेल, तरी मोकळे सिल्व्हर आयन लिटरभरात जेमतेम लाखभर. मला हा आकडा पहिल्यांदा काढला तेव्हापासून आवडतो. चांदी बाथमध्ये भरपूर आहे आणि जवळजवळ नाहीच. ती हळूहळू सुटते, म्हणून गुळगुळीत आणि घट्ट बसते. तांबंसुद्धा सायनाइडमध्ये खाली घसरतं, त्यामुळं धोका पूर्ण टळत नाही, म्हणून आधी अगदी पातळ बाथमध्ये एक डुबकी देतात, तिला स्ट्राइक म्हणतात. आणि सायनाइडच्या खोलीत नायट्रिकची बाटली कधीही ठेवायची नाही. आम्ल त्यात पडलं तर जो वायू निघतो, तो ओळखायला वेळ मिळत नाही. हे घरी सगळ्यांना माहीत आहे, तरी तू पुन्हा सांग.

पुढं काय शिकायचं हे तू ठरवशील. पण शिवाजी विद्यापीठात एकदा जाऊन बघ. प्रा. चंद्रकांत लोखंडे आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी पातळ थरांवर, सुपरकपॅसिटरवर तिथं वर्षानुवर्षं काम केलं. खेड्यापाड्यांतून एसटीनं येणारी मुलं काचेच्या किंवा स्टीलच्या पट्टीवर केसाहून कितीतरी बारीक थर चढवतात. तुमच्या मुलाम्याचीच ही शिकलेली भावंडं म्हण. तिथं हायड्रोजनचा इलेक्ट्रोड कुणी मांडून बसत नाही. वायूची टाकी, प्लॅटिनम, सगळाच कुटाणा. कॅलोमेल किंवा सिल्व्हर क्लोराइडचा तयार इलेक्ट्रोड बाजूला बुडवतात. संपृक्त कॅलोमेल हायड्रोजनपेक्षा ०.२४ नं वर आहे. त्याच्यासमोर उणे ०.५० वाचलं तर तक्त्याच्या भाषेत ते उणे ०.२६. शोधनिबंध वाचताना आकड्यापेक्षा आधी तो कुणासमोर मोजलाय हे बघायचं.

आता तुला एक गणित घालते. चांदी आणि तांब्याचा घट मांड. सिल्व्हर नायट्रेट एक मोलर, कॉपर सल्फेट एक मोलर, मीटरवर ०.४६. मग चांदीच्या बाजूच्या भांड्यात मीठ टाकत जा, सगळी चांदी पांढरी होऊन खाली बसेपर्यंत आणि वर पाण्यात क्लोराइड एक मोलर उरेपर्यंत. सिल्व्हर क्लोराइडचा विद्राव्यता गुणाकार १.८ गुणिले दहाचा उणे दहावा घात. मोकळी चांदी किती उरली ते काढ, नेर्न्स्ट लाव, नवं व्होल्टेज काढ. उत्तर विचित्र दिसलं तर चुकलं समजून खोडू नकोस, चिन्हाकडं नीट बघ. मग तांब्याची पट्टी आता झिजेल की जाड होईल, ते कारणासकट लिहून पाठव. सिल्व्हर नायट्रेट महाग असतं, त्यामुळं खरोखर करून बघायचं असेल तर दादाला विचार, कुंडीतलं थोडं पाणी देईल. त्यात तांबं आणि जादा आम्लही असणार, म्हणजे आकडे थोडे हलतील. किती हलतील, तेही काढ.

वहिनीला नमस्कार, दादाला आठवण.

तुझी,
आत्या